हाताचा गुण आणि हाताची मर्यादा

(न्हावरे, ता. शिरूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो दहावीचा निकाल, अभ्यासाच्या सवयी आणि मोबाईल यांवर बोलणार, हे आपण गृहीत धरता. मला आज अंगदुखीवर बोलायचे आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास शिकवणारा मास्तर आहे. पण मागच्या तीन वर्षांत दोन गोष्टी अशा घडल्या की गप्प बसणे मला बरे वाटत नाही. एका गोष्टीत चूक माझी स्वतःची होती आणि दुसरीत माझ्या घरची.

पहिली सांगतो. आठवीतला एक मुलगा मैदानावर कबड्डी खेळताना हातावर पडला. कोपर बघता बघता सुजले. त्याचे वडील कामावर बाहेरगावी, आई घाबरलेली. मी पुढारपण केले. मोटारसायकलवर बसवून त्याला शेजारच्या गावी एका नावाजलेल्या हाडवैद्याकडे घेऊन गेलो. लहानपणी माझा मुरगळलेला घोटा अशाच एकाने दोन दिवसांत बरा केला होता, तेव्हा मनात शंका आली नाही. त्यांनी कोपर ओढले, गरम तेलाने चांगले रगडले, हळद आणि अंड्याचा लेप दिला, कामट्या बांधल्या आणि दर तिसऱ्या दिवशी चोळायला आणायला सांगितले. मुलगा ओरडत होता. मी त्याला म्हणालो, "पहिलवान होणार ना? सोस जरा."

पाच वेळा चोळून झाले. तीन आठवड्यांनी कामट्या काढल्या तेव्हा हात काटकोनात अडकलेला. ना सरळ होईना, ना वाकेना. मग शहरात नेऊन फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणी चोळले हे?" हाडाला बारीक चीर होती, ती भरत आली होती. पण कोपराच्या पुढच्या मांसात पांढरा ढग दिसत होता. मार लागलेल्या मांसात रक्त साकळते. ते तसेच राहू दिले तर हळूहळू विरते. मात्र त्यावर रोज रगडले, सांधा जबरदस्तीने ताणला, तर शरीर तिथे नवे हाड धरू लागते. मांसात हाड! कोपर या बाबतीत फार नाजूक, आणि मुलांचे तर अधिकच. आपल्या देशात हाडांच्या डॉक्टरांना अशी चोळलेली कोपरे नेहमी पाहावी लागतात, हे मला त्या दिवशी कळले.

"कोणी नेले होते?" या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाच्या आईने दिले नाही. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. मीच म्हणालो, "मी."

आता याचा अर्थ चोळणे वाईट असा मी लावला असता, तर हे भाषण इथेच संपले असते. आपल्या भागात दुखण्याला तोटा नाही. उसाच्या दिवसांत डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणाऱ्या बाया आपण पाहतो. कांदे काढताना दिवसभर उकिडवे बसणे आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीभर एकाच बाजूला वळून माल उचलणारी आपली पोरे आहेत. घरी गादीवाले आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत. या सगळ्यांचा पहिला दवाखाना म्हणजे घरातल्या माणसाचा हात. कमरेत उसण भरली की तिळाचे तेल, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचे पान. पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की चमक जाते, अशी समजूत तर घरोघर आहे. आमच्या आळीत एक पायाळू काका होते. पेरणीच्या दिवसांत त्यांच्या दारात रांग लागे आणि ते मोठ्या ऐटीत पाय उचलत.

यातले खरे किती? जेवढे वाचले आणि जाणत्यांना विचारले, त्यावरून सांगतो. दारात बोट चेमटले की आपण ते लगेच दुसऱ्या हाताने घट्ट दाबतो. कोणी शिकवलेले नसते. स्पर्शाचा आणि दाबाचा निरोप मणक्यातल्या मज्जारज्जूपाशी पोचला की वेदनेच्या निरोपाला वाट अरुंद होते, अशी उपपत्ती मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडली. पुढे तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला. शिवाय घट्ट झालेला स्नायू सावकाश दाबल्याने सैल होतो, माणूस निर्धास्त होतो, श्वास लांब घेतो. दुखणे उतरते आणि थोडा वेळ हालचाल मोकळी होते. हे खरे आहे. मात्र हा आराम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. त्या मोकळ्या झालेल्या वेळात माणसाने तो सांधा स्वतः हलवला, रोज हलवला, तर कायमचा फायदा. नुसते चोळून घेऊन पुन्हा आडवे झाले तर दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

"कट्" आवाजाचेही असेच. आवाज झाला म्हणजे हाड जागेवर बसले, असे आपण मानतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो; सांधा झटक्याने ताणला की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. हाड कुठे गेलेले नसते आणि कुठून आलेलेही नसते. म्हणून दाढी झाल्यावर न्हाव्याकडून मान कटकन मोडून घेण्याची जी हौस आहे, ती सोडा. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळ्या जातात. झटक्याने त्यातली एखादी चिरते. क्वचित चिरते, पण चिरली तर पक्षाघात होतो. एका दाढीत एवढा धोका कशाला?

मी इतिहासाचा मास्तर, तेव्हा थोडे मागे गेल्याशिवाय मला राहवणार नाही. आपल्या आयुर्वेदात अभ्यंग आहे. युनानीत चोळण्याला 'दलक' म्हणतात. हजार वर्षांपूर्वीच्या इब्न सीनाने (९८०–१०३७) आपल्या 'कानून' या ग्रंथात चोळण्याचे प्रकार पाडून दाखवले आहेत: जोराने चोळल्याचा परिणाम निराळा, हलक्या हाताने निराळा, पुष्कळ वेळ निराळा, बेताने निराळा. म्हणजे हात तोच, पण किती आणि कुणाला, हा विचार त्या काळीही होता.

आणि एक नाव मुलांनी वहीत लिहून घ्यावे: शेख दीन मोहम्मद. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला हा मुलगा लहान वयात कंपनीच्या फौजेबरोबर निघाला, १७८४ मध्ये आयर्लंडला गेला, १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीची खाणावळ काढली. ती बुडाली. मग पन्नाशी उलटल्यावर ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्याने वाफेचे स्नान आणि चांपण्याचा धंदा सुरू केला. आपण पाय चेपतो, हिंदीत चांपना म्हणतात, त्याचेच इंग्रजांनी 'शॅम्पू' केले. केस धुण्याच्या बाटलीवरचा शब्द मुळात आपला अंग चेपण्याचा शब्द आहे! सांधे धरलेली, लुळी पडलेली माणसे त्याच्याकडे येत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो नेमलेला चांपणारा होता. १८२२ साली त्याने या विद्येवर पुस्तक लिहिले आणि त्यात रुग्णांची हकिकत दिली. त्याचे सगळे दावे आज टिकतील असे नाही. पण मला त्याची एक व्यवस्था फार आवडते. रुग्ण फ्लॅनेलच्या तंबूत बसे. तंबूला बाह्या शिवलेल्या असत आणि चांपणारा बाहेरून फक्त हात आत घाली. बायकांच्या स्नानगृहाचा कारभार त्याची बायको जेन पाहत असे. लाज सांभाळून उपचार कसा करावा, हे त्याला दोनशे वर्षांपूर्वी सुचले. आम्हाला ते आमच्या घरात सुचले नाही. ती दुसरी गोष्ट.

माझ्या आईचा उजवा खांदा दुखू लागला तेव्हा ती पंचावन्नची होती. सुरुवातीला रात्री त्या कुशीवर झोपता येईना. मग वेणी घालता येईना. फळीवरचा डबा ती स्टुलावर चढून डाव्या हाताने काढू लागली. डोक्यावर पदर घ्यायचा तर डावा हात. वुजू करताना मसहसाठी उजवा हात मानेपर्यंत जाईना, तेव्हा तिने तेही डाव्यावर भागवले. हे सारे माझ्या डोळ्यांसमोर चालले होते आणि मला दिसले नाही. आठ महिने! विचारले तर म्हणे, "वात आहे, जाईल." बाम लावायची, मेडिकलमधून गोळी आणवायची. खरे कारण तिने माझ्या बायकोला सांगितले. उपचार करणारा पुरुष असेल, खांदा उघडा करायला लावेल, हात लावेल. त्यापेक्षा दुखलेले बरे.

शेवटी ओळखीतून पुण्यात एक फिजिओथेरपिस्ट बाई मिळाल्या. न्हावऱ्याहून एस.टी.ने जाऊन येऊन अख्खा दिवस. त्यांनी आधी हात लावलाच नाही. पाऊण तास प्रश्न विचारले. मग खांदा स्वतः किती वर जातो ते पाहिले, नंतर त्यांनी धरून किती जातो ते पाहिले. दोन्ही वेळा तेवढाच. त्या म्हणाल्या, स्नायूचे दुखणे असते तर दुसऱ्याने उचलल्यावर हात अधिक गेला असता. इथे सांध्याभोवतीची पिशवीच आकसली आहे. याला इंग्रजीत गोठलेला खांदा म्हणतात. चाळीस ते साठ वयात, आणि साखर असलेल्यांत अधिक. "साखर तपासली आहे का?" नव्हती. तपासली तर वाढलेली निघाली. खांद्याने आईचा मधुमेह उघडकीस आणला.

आता त्यांच्या हाताचे काम मी कोपऱ्यात बसून पाहिले ते सांगतो. चादर अंगावर तशीच ठेवून फक्त खांद्यापुरती बाजूला केली. एका हाताने खवाटा धरला, दुसऱ्याने दंड, आणि सांध्यातच अगदी थोडे, दोन-तीन मिलिमीटर म्हणा, पुढे-मागे, वर-खाली सरकवत राहिल्या. ओढाताण नाही, आवाज नाही, तेलाची धार नाही. मानेच्या मुळाशी घट्ट झालेली गाठ अंगठ्याने दाबून धरली, आई "हां, तिथंच" म्हणाली, आणि तशीच धरून ठेवली ती सैल होईपर्यंत. सारे वीस मिनिटांचे काम. पुढचा अर्धा तास आईला शिकवण्यात गेला. वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची आणि जिथवर पोचलो तिथे खडूची रेघ ओढायची. दाराच्या चौकटीवरून दोरी टाकून रहाटासारखी ओढायची, चांगल्या हाताने दुखरा वर. "माझा हात पंधरा दिवसांतून एकदा, तुमचा रोज तीन वेळा," असे त्या म्हणाल्या.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून त्या खडूच्या रेघा आहेत. पहिले दोन महिने रेघ चार बोटेही वर गेली नाही आणि आई रोज म्हणे, "पैसे वाया." हा आजार एक ते तीन वर्षे घेतो आणि बऱ्याचदा आपल्या कलाने सुटतो, म्हणून ज्याच्याकडे शेवटच्या महिन्यात गेलो त्याला श्रेय मिळते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आईला दीड वर्ष लागले. पण दुखणे कमी राहिले, झोप आली, आणि साखर आटोक्यात आली. आज ती स्वतः वेणी घालते. पाठीमागे हात अजून कमरेच्या वर जात नाही.

मी बायांबद्दल बोलतो आहे, कारण आमच्या घरात जे झाले ते आपल्या पुष्कळ घरांत चालू आहे, याची मला खात्री आहे. बाळंतिणीला चोळायला बाई येते, तान्ह्याला टाळूपासून तळव्यापर्यंत तेल लागते. चाळिसाव्याच्या आंघोळीनंतर मात्र त्या बाईच्या अंगाला जाणता हात लागतच नाही. भाकरी थापणारे मनगट, शिलाई मशीनवर वाकलेली मान, पोर कडेवर घेऊन वाकडी झालेली कंबर, यांना आपण दुखणे म्हणतच नाही. वडीलधाऱ्या मंडळींनी आज घरी गेल्यावर एवढेच करावे: घरातल्या बाईला दोन्ही हात वर करायला सांगावे आणि पाहावे.

आता कुठे हात लावायचा नाही, ते. पडल्यावर, मार लागल्यावर, सूज आली असेल तर चोळू नका; हात झोळीत ठेवा आणि फोटो काढा. घट्ट बांधलेल्या हाताची बोटे गार पडली, निळी झाली, बधिर झाली, बोट सरळ करताना मूल किंचाळले, तर ते बांधलेले त्याच क्षणी सोडा आणि दवाखाना गाठा. काही तासांचा उशीर झाला तर पंजा कायमचा आखडतो. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती रगडायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पाठदुखीबरोबर बारीक ताप, वजन उतरणे, रात्री दुखण्याने जाग येणे असेल तर मणक्याचा क्षय मनात आणा. आपल्या देशात तो अजून आहे. पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय. आणि पन्नाशीच्या माणसाचा डावा हात, जबडा, छाती दुखते आहे, घाम फुटला आहे, आणि घरचे बाम चोळत बसले आहेत, हे दृश्य मी एका मयतीच्या घरी ऐकले. त्यावर अधिक बोलत नाही.

रोज गोळी खाऊन कामावर जाणाऱ्यांनाही एक विनंती. दुखणे थांबवणारी गोळी दिवसेंदिवस घेतली की पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे खराब होतात. मेडिकलवाला देतो म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

विद्यार्थ्यांकडे वळतो. पोलिओने पोरे लुळी पडत होती त्या काळात, १९५३ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपी शिकवणारे आपल्या देशातले पहिले विद्यालय सुरू झाले. पोलिओ आपण हटवला, २०१४ साली तसे जाहीरही झाले, पण ती विद्या वाढत गेली. आज पुण्यात तिची अनेक महाविद्यालये आहेत, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवे. शास्त्राची वाट धरलेल्या आपल्या मुली डॉक्टरकी हुकली की बी.एस्सी. करून घरी बसतात. त्यांना ही वाट ठाऊकच नसते.

मागच्या मेळाव्यानंतर एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, मुलगी परक्यांच्या अंगाला हात लावणार?" रागाने नव्हे, काळजीने विचारले. मी त्यांना १८९४ साली लंडनमध्ये काय झाले ते सांगितले. त्या वेळी मालिशच्या नावाखाली नाही ते धंदे चालत आणि चांगल्या बायांची बदनामी होई. तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन आपली संस्था काढली, शिक्षण, परीक्षा आणि नियम ठरवले. आजच्या फिजिओथेरपीची एक मोठी संस्था त्यातूनच उभी राहिली. मग मी त्यांना विचारले, तुमच्या घरात खांदा दुखणारे कोणी आहे का? ते म्हणाले, आई आहे. पुरुषाला दाखवाल का? ते गप्प राहिले. मुलगी दहावीत आहे. काय ठरते ते अजून कळलेले नाही. मीही रेटत नाही.

त्या कबड्डीतल्या मुलाचे विचाराल. डॉक्टरांनी चोळणे आणि ताणणे दोन्ही बंद करायला लावले. फक्त तो स्वतः हलवेल तेवढेच. पहिले काही महिने मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर लाकडी कोनमापक घेऊन त्याचा हात मोजत असे, फळ्यावर भूमितीला वापरतो तोच. काटकोनापासून निघालेला हात वर्षभरात बराच उघडला. शेवटचे पंचवीस अंश राहिले ते राहिलेच. तो आता अकरावीत आहे, कबड्डी खेळतो, पकड डाव्या हाताने करतो. त्याची आई भेटली की बोलते. आधीपेक्षा कमी बोलते.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत मी दोन त्रिकोणी फडकी आणि जाड पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या ठेवल्या आहेत. झोळी कशी बांधायची ते सातवीपासूनच्या मुला-मुलींना शिकवतो. पेटीतली बामची बाटली काढलेली नाही. ती शिक्षकांच्या खोलीत लागते.